संगणक बंद करू नका

"पंचाहत्तर!" लिफ्टवाल्यांनी पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला आणि आत त्यांच्या बायकोनं चहाचं आधण ठेवलं.

टेबलाखाली गुडघे टेकून बसलेली सून मागं सरकत बाहेर आली. तिच्या केसांना कोळ्याचं जाळं चिकटलं होतं. ते काढत तीही पडद्याकडं बघू लागली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते आणि त्यांच्या खाली लिहिलं होतं, 'अपडेट चालू आहे, पंचाहत्तर टक्के. कृपया संगणक बंद करू नका.' बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडदा काळा झाला, खोक्यातला पंखा घुरघुरला, थांबला, पुन्हा घुरघुरला, आणि आता घरात सगळ्यांना पाठ झालेली ती दुसरी ओळ उमटली. 'अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही. केलेले बदल मागे घेत आहोत.'

"गेलं," लिफ्टवाले म्हणाले.

"गेलं," सून म्हणाली.

"पुढच्या वेळी वायर बदलून बघू या," असंही ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

लिफ्टवाले हे त्यांचं टोपणनाव. सगळी नोकरी त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आळीतली पोरं त्यांना त्याच नावानं ओळखत. कुठल्याही नव्या इमारतीत गेले की ते आधी लिफ्टच्या दाराला कान लावत आणि मगच यजमानांना नमस्कार करत. त्यांची यंत्रांविषयी काही ठाम मतं होती आणि ती कुणी विचारली नाहीत तरी ते ऐकवत.

"बघ," चहा पिता पिता त्यांनी सुनेला सुनावलं, "बिघाड रोज वेगळ्या ठिकाणी झाला तर यंत्र उघडायचं. रोज एकाच ठिकाणी झाला तर आधी तिथली माणसं बघायची. एका इमारतीत लिफ्ट नेहमी तिसऱ्या मजल्यावर अडकायची. आम्ही मोटर उतरवली, दोर तपासले. शेवटी कळलं, तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई दारात पायपुसणं सरकवून ठेवायच्या."

"का?"

"लिफ्ट थांबली की लोक बोलायला थांबतात म्हणून."

सून हसली, पण जरा उशिरा. मग तिनं बिस्किटाचा तुकडा चहात बुडवला आणि तो तुटून कपात पडला.

"तू अख्ख्या इस्पितळाचे कम्प्युटर सांभाळतेस," बायको म्हणाली, "आणि आमचं हे एवढंसं खोकं तुला दाद देत नाही?"

"जुनं आहे ते, आई."

"जुनं आहे खरं," असं म्हणून बायकोनं तिच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

तिला सून म्हणावं की नाही, हा खरं तर प्रश्नच होता. मुलाचा आणि तिचा संसार मोडून दोन पावसाळे उलटून गेले होते. भांडणतंटा नाही, आदळआपट नाही. दोघं एकमेकांना पुरेनासे झाले आणि वेगळे झाले. मुलगा दुसऱ्या शहरात गेला, ती भावाकडं राहायला गेली. 'माजी सून' असा शब्द लिफ्टवाल्यांनी एकदा उच्चारून पाहिला होता, पण माजी हे मंत्र्यांना शोभतं, घरच्या माणसाला नाही, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. हा कम्प्युटर तिनंच कधीकाळी जोडून दिला होता. त्यामुळं अपडेट पहिल्यांदा अडकलं तेव्हा त्यांनी सवयीनं तिलाच फोन लावला. ही आता आपली कोणी नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर पलीकडून "हं, बोला बाबा" असं ऐकू आलं होतं.

तेव्हापासून ती रविवारी येत होती. दर रविवारी नाही, पण एक-दोन रविवार मध्ये गेले की यायची. येताना बायकोच्या विणकामाला लोकर आणायची, टेबलाखाली शिरायची, खटपट करायची. आकडा पंचाहत्तरवर यायचा, अडकायचा, चहा व्हायचा आणि बोलता बोलता संध्याकाळ व्हायची. एक अडचण मात्र खरी होती. लिफ्टवाले कम्प्युटरवर बुद्धिबळ खेळत. पलीकडं कुठल्याशा देशातला एक अनोळखी माणूस असे आणि दोघांची रोज जुंपे. तो खेळ हल्ली सारखी ताकीद देत होता की अपडेट केलं नाही तर लवकरच आपण चालायचे बंद होऊ.

त्याच आठवड्यात मुलाचा फोन आला.

"बाबा, तिला तुम्ही अजून बोलावता?"

"बोलावतो म्हणजे, ते अपडेट..."

"अपडेटला दुकानातला माणूस येईल की. ती दोन बस बदलून येते, बाबा. आठवड्याची तिची एकच सुट्टी. भावाच्या घरात राहते, तिथं तिला काय काय ऐकून घ्यावं लागत असेल. उद्या तिला नव्यानं काही मांडायचं असेल तर? तुम्ही हाक मारली की ती नाही म्हणणार नाही. तुम्हीच तिला मोकळं करायला हवं."

मुलगा रागानं बोलला नव्हता. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. फोन ठेवल्यावर लिफ्टवाले टेबलाजवळ जाऊन बसले. टेबलाखालून निघताना सून कमरेवर हात ठेवते, हे त्यांना आठवलं. केसांतलं जाळं आठवलं. आपण त्या पोरीला उगाच राबवतोय आणि तीही भिडेपोटी राबतेय, हे त्यांना एकदम लख्ख दिसलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या, बॅटरी घेतली आणि टेबल भिंतीपासून ओढून काढलं.

"काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"आज मीच बघतो."

"तिला येऊ दे की रविवारी."

"तिला किती त्रास द्यायचा?"

बायको काही तरी बोलणार होती, पण तिनं सुया उचलल्या आणि ती विणत बसली.

खोक्याची पाठ कायम भिंतीकडं असायची. तिथं धुळीचा थर होता, वायरींचा गुंता होता. लिफ्टवाल्यांनी एकेक वायर बोटानं चाचपली. सगळ्या घट्ट होत्या. मग बॅटरीच्या उजेडात, काळ्या पत्र्यावरच्या एका काळ्या खाचेत, त्यांना नखाएवढं काहीतरी दिसलं. ओढल्यावर निघालं. पेनड्राइव्ह होता, अगदी बुटका, मुलाचा कधीचा तरी राहून गेलेला. त्यांनी तो पुढच्या खाचेत लावून उघडून पाहिला. आत काहीही नव्हतं. एवढ्याशा वस्तूनं एवढं मोठं यंत्र अडेल असं त्यांना वाटलं नाही. पण जे तिथं असायला नको ते आधी काढायचं, हा त्यांच्या हाताचा जुना शिरस्ता होता. त्यांनी पेनड्राइव्ह स्क्रूच्या डब्यात टाकला आणि अपडेट सुरू केलं. कुठली बटणं कुठल्या क्रमानं दाबायची ते सुनेच्या मागं उभं राहून त्यांना तोंडपाठ झालं होतं.

आकडा पंचाहत्तरवर आला. लिफ्टवाल्यांनी तो सवयीनं मोठ्यानं वाचला.

"शहात्तर!" ते ओरडले. "अगं, शहात्तर झालं!"

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा फारसा उजळला नाही.

"मग गॅस बंद करू?"

"का?"

"आधण ठेवलं होतं. पंचाहत्तर झाले म्हणून."

त्यांना हसू आलं. आकडा ऐंशीवर गेला, नव्वदवर गेला, आणि शेवटी नवा कोरा पडदा उघडून यंत्रानं त्यांचं स्वागत केलं. लिफ्टवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बायकोच्या देखत त्या खोक्याच्या पाठीवर थाप मारली. मग त्यांनी सुनेला फोन लावला.

"झालं!"

"काय झालं, बाबा?"

"अपडेट! पूर्ण झालं. माझं मी केलं."

फोन कटला की काय, म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून पाहिला.

"कसं केलंत?" तिनं विचारलं.

"ते सांगायचं नसतं. कारागिराचं असतं काहीतरी." त्यांना तिची जरा गंमत करायची होती. "आता तुला यायची कटकट नाही. इतके दिवस फार त्रास दिला गं तुला."

"नाही हो, त्रास कसला."

"होतोच की. दोन-दोन बस बदलायच्या. मिटलं आता ते."

"हो," ती म्हणाली. "मिटलं. छान झालं, बाबा."

फोन ठेवून ते वळले, तेव्हा बायको सुयांमध्ये अडकलेला धागा सोडवत होती.

"त्रास होतोय असं ती कधी म्हणाली होती?" तिनं मान वर न करता विचारलं.

रविवारी कुणी आलं नाही. येणार नव्हतंच. कम्प्युटर झकास चालत होता. लिफ्टवाल्यांनी बुद्धिबळाचा डाव मांडला आणि चक्क जिंकला. अपडेट झालेल्या यंत्रानं त्यांना पाच तारे दाखवून विचारलं की तुम्ही कितपत समाधानी आहात. त्यांनी ती खिडकी बंद केली. आत कपांचा आवाज झाला. बायकोनं सवयीनं तीन कप काढले होते. त्यांतला एक तिनं पुसून पुन्हा फळीवर ठेवला.

"सहज ये म्हणावं की तिला," ती म्हणाली. "यायला काय कम्प्युटरच बिघडायला हवा?"

लिफ्टवाल्यांना ते पटलं. त्यांनी लगेच फोन लावला.

"सहज केला गं. म्हटलं, पुढच्या रविवारी मोकळी असलीस तर ये."

"काही अडलंय का, बाबा?"

"अडलं नाही. असंच."

"असंच..." ती म्हणाली. तेवढ्यात तिच्या मागून एका बाईचा आवाज आला, बहुधा तिच्या वहिनीचा. कुणाचा फोन आहे, असं ती विचारत होती. सुनेनं फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नाही.

"ऑफिसचा," ती वहिनीला म्हणाली. मग लिफ्टवाल्यांना म्हणाली, "बघते हं, जमलं तर."

जमणार नाही, हे त्यांना तिथंच कळलं. आणि आणखीही एक गोष्ट कळली, जी त्यांच्या डोक्यात इतके दिवस शिरली नव्हती. 'त्यांचा कम्प्युटर बिघडलाय' हे घरात सांगता येतं. त्यावर कुणी भुवई उंचावली तरी बोलू शकत नाही. म्हाताऱ्या माणसांचं यंत्र आहे, हिला येतं, ही जाते. पण 'असंच जाते' हे कुठल्या नात्यानं सांगायचं? तिच्याकडं तेवढं एकच कारण होतं आणि ते आपण आपल्या हातानं, बाह्या सरसावून, दुरुस्त करून टाकलं. त्यांनी हे बायकोला सांगितलं नाही. "तिला काम आहे म्हणे," एवढंच सांगितलं.

"असेल," बायको म्हणाली. विणकाम तिनं बाजूला ठेवलं होतं. लोकर संपली होती आणि दुकानात मिळते ती लोकर टोचते, अशी तिची तक्रार होती.

पुढचाही रविवार तसाच गेला. सोमवारी दुपारी बायको आडवी झाल्यावर लिफ्टवाले कम्प्युटरसमोर बसले. चष्मा पुसला. मग एकेक कप्पा उघडत, एकेक ओळ वाचत ते हवं होतं तिथं पोचले. 'मागील आवृत्तीवर परत जा,' असं तिथं लिहिलं होतं. ही सोय थोडेच दिवस मिळेल, असंही लिहिलं होतं.

त्यांचं बोट थबकलं. धडधाकट यंत्र आपल्या हातानं बिघडवायचं हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. बारीकशी कुरकुर राहिली तरी रात्री झोप लागत नसे अशी त्यांची जात. शिवाय बुद्धिबळही जाणार होतं. पलीकडच्या त्या अनोळखी माणसाचा वजीर त्यांनी कालच कोंडीत पकडला होता. त्यांनी आत एक नजर टाकली. बायको भिंतीकडं तोंड करून झोपली होती. त्यांनी बटण दाबलं.

यंत्रानं चौकशी सुरू केली. तुम्ही मागं का जाऊ इच्छिता? नवं हळू चालतं का? जुनं वापरायला सोपं होतं का? का दुसरं काही कारण आहे? दुसरं असेल तर कृपया लिहा, म्हणून खाली एक रिकामी चौकट दिली होती. लिफ्टवाल्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'यंत्रात दोष नाही. आधी माणूस येत होतं.' आपण नक्की मागं जाणार ना, असं यंत्रानं पुन्हा विचारलं. "हो बाबा, हो," ते पुटपुटले आणि त्यांनी 'हो' दाबलं.

फोनवर खोटं बोलणं त्याहून अवघड गेलं.

"परत बिघडलाय गं."

"बिघडलाय? झालं होतं ना सगळं?"

"झालं होतं. पण आता... पुन्हा जुनं आलंय. अडकतंय. तिथंच."

"पंचाहत्तरला?"

"हो, हो. पंचाहत्तरला."

मग तिचा आवाज एकदम मोठा आणि स्पष्ट झाला, मागं कुणीतरी ऐकत असावं तसा. "त्यांचा कम्प्युटर बिघडलाय पुन्हा, रविवारी जाऊन यावं लागेल मला."

रविवारी ती आली. बायकोसाठी लोकर आणली होती, नेहमीपेक्षा जास्त. बायकोनं ती गालाला लावून पाहिली, "ही नाही टोचत," म्हणाली आणि आत गेली. सून खुर्चीवर बसली. लिफ्टवाले तिच्या मागं उभे राहिले. उमेदवारीच्या दिवसांत मोठे साहेब तपासणीला आले की ते असेच हात मागं बांधून उभे राहत.

तिनं थेट अपडेटचा इतिहास उघडला. असा काही इतिहास असतो, हे लिफ्टवाल्यांना ठाऊकच नव्हतं. पडद्यावर सरळ लिहिलं होतं की अपडेट यशस्वी झालं, आणि त्याच्या वर लिहिलं होतं की वापरणाऱ्यानं ते काढून टाकलं. दोन्हींपुढं तारखा होत्या. लिफ्टवाले चष्मा काढून पुसू लागले. सून बराच वेळ त्या दोन ओळींकडं बघत राहिली.

"आपोआप गेलं असेल मागं," ती शेवटी म्हणाली. "होतं कधीकधी असं."

"होतं का?"

"होतं."

तिनं ते पान बंद केलं आणि नेहमीसारखी ती टेबलाखाली वाकली. "वायरी बघते एकदा." तिचा हात खोक्याच्या मागं गेला. न बघता, न चाचपडता, अंधाऱ्या खोलीत आपल्या घराचा स्विच सापडावा तसा तो एका जागी गेला आणि थांबला. बोटं त्या पत्र्यावर पुन्हा फिरली. डावीकडं, उजवीकडं. खाली वाकलेली तिची पाठ एकदम निश्चल झाली.

लिफ्टवाल्यांनी चष्मा लावला. तिचा हात कुठं आहे ते त्यांनी पाहिलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजीबाई त्यांच्या डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ती गोष्ट ते दुसऱ्यांना सांगत आले होते. त्यांनी फळीवरून स्क्रूचा डबा काढला, त्यात बोट फिरवून तो बुटका पेनड्राइव्ह शोधला आणि टेबलाच्या कडेवर ठेवला.

"हे शोधतेस?"

ती बाहेर आली. जमिनीवरच बसून राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"कधी दिसला तुला?"

"पहिल्याच रविवारी," ती म्हणाली. "आल्या आल्या."

"आणि काढला नाहीस."

"काढणार होते, बाबा. खरंच काढणार होते. मग आईंनी चहा आणला."

लिफ्टवाल्यांना रागवायला हवं होतं. इतके दिवस ते त्या यंत्राला दूषणं देत होते, आपल्यापायी पोरीचे हाल होतात म्हणून मनातल्या मनात कुढत होते. पण राग येईना.

"माझंही..." त्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं, "आपोआप नाही गेलं ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"होणार आहे का गं आज दुरुस्त?" आतून बायकोनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सुनेनं तळहात पुढं केला. लिफ्टवाल्यांनी टेबलावरचा पेनड्राइव्ह उचलून तिच्या हातावर ठेवला आणि तिची बोटं त्यावर मिटवली. ती पुन्हा वाकली. मागच्या बाजूनं बारीकसा खट् आवाज आला.

"जुनं आहे ना, आई," तिनं तिथूनच ओरडून सांगितलं. "वेळ लागेल."

"लागू दे की."

अपडेट सुरू झालं. सून स्टुलावर बसली, लिफ्टवाले खुर्चीवर. तिनं इस्पितळातल्या एका डॉक्टरची गोष्ट सांगितली, जो यंत्र अडकलं की त्याची नाडी बघतो. लिफ्टवाले पोट धरून हसले. आकडा चढत होता. पांढरे ठिपके गोल फिरत होते आणि त्यांच्या खाली ती ओळ होती, 'कृपया संगणक बंद करू नका.'

बहात्तर झाले. त्र्याहत्तर झाले. सून वाचायला तोंड उघडणार, तेवढ्यात आत काडी ओढल्याचा आवाज झाला.

"अजून पंचाहत्तर झाले नाहीत, आई."

"होतील," बायको म्हणाली. "आणि अडकतील. तोवर चहा होतो."

मग फळीवरून तीन कप खाली काढल्याचा आवाज आला.